हरीभाऊंवरचा मेमो आणि माझ्या खुणेचे घड्याळ

प्रथम दिवस आणि जबाबदार व्यक्ती.

अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस: डोंबिवली पूर्वेतील एका सार्वजनिक वाचनालयाच्या भिंतीवरचे टोल्यांचे जुने घड्याळ उतरवून ठाण्यातील गृहसजावटीच्या एका शोरूमकडे दुरुस्तीसाठी सोपवले गेले. जबाबदार: वाचनालयाचे कार्यवाह.

वटपौर्णिमेच्या आधीचा रविवार: त्या घड्याळाचे मशीन दुसऱ्याच पेटीत बसवून कल्याणच्या एका दांपत्याला विकले गेले. जबाबदार: शोरूमचे मालक.

तोच रविवार, तेच टेबल: मशीन अस्सल असल्याची पारख-चिठ्ठी सहीनिशी लिहून दिली गेली. जबाबदार: प्रस्तुत लेखक.

नागपंचमीचा दुसरा दिवस: ते मशीन चोरल्याचा ठपका वाचनालयाचे शिपाई श्री. हरिश्चंद्र भोईर यांच्यावर ठेवणारा मेमो सूचनाफलकावर लावला गेला. जबाबदार: कार्यकारी मंडळ, सर्वानुमते.

इंग्रजी तारखा, पत्रांच्या प्रती आणि टपालाच्या पोचपावत्या माझ्या फाइलमध्ये आहेत. ज्यांना त्या हव्या असतील त्यांनी नौपाड्यात माझ्या दुकानी येऊन पाहाव्यात. संपादकांनी माझ्याकडे ‘घड्याळांच्या दुनियेतील गमतीजमती’ असा लेख मागितला होता. गमती पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काही सांगेनही. परंतु एक प्रामाणिक माणूस घरी बसवला गेला असताना केवळ गमती लिहिणे मला शक्य नाही, हे मी संपादकांना कळवले आणि त्यांनी ते मान्य केले, याबद्दल त्यांचा आभारी आहे.

मी घड्याळे दुरुस्त करतो. ‘करत होतो’ असे लिहायला हवे, कारण दुकानाची फळी मी आता आठवड्यातून दोनदाच उघडतो. मनगटावरच्या घड्याळांत माझा जीव कधी रमला नाही. माझे काम भिंतीवरच्या, चावीच्या, लंबकाच्या घड्याळांचे. ती घरोघर होती तोवर मी दुरुस्त केली. पुढे लोकांनी ती भंगारात घातली, आणि त्यानंतर त्याच लोकांची मुले ती दामदुप्पट उत्साहाने शोधत आली. तेव्हापासून मला नवा उद्योग मिळाला. जुने घड्याळ विकत घेणारा मला सोबत नेतो, मी ते उघडून पाहतो आणि माझ्या नावाच्या कागदावर काय दिसले ते लिहून देतो. हीच ती पारख-चिठ्ठी.

जुने घड्याळ घेताना काय पाहावे, असे मला नेहमी विचारतात. तबकडी पाहू नये, हे पहिले उत्तर. कागदी तबकडी चहाच्या पाण्यात भिजवून दोन दिवस उन्हात ठेवली की ती आजोबांच्या वयाची होते. पेटीचे नक्षीकाम पाहू नये, ते गेल्या महिन्यातही झालेले असते. दार उघडून पेटीची मागची फळी पाहावी. जिथे लंबक वर्षानुवर्षे झुलला तिथे लाकूड वेगळे दिसते, धूळ वेगळ्या तऱ्हेने बसलेली असते. मशीन ज्या स्क्रूंनी बसवले आहे त्यांच्या शेजारी दुसरी, बुजवलेली भोके आहेत का ते पाहावे. असतील तर पेटी आणि मशीन एकमेकांची नव्हेत. तसे घड्याळ घेऊ नये असे मी म्हणत नाही. तसे सांगून विकावे, एवढेच म्हणतो. ‘पेटी नवी, मशीन जुने’ हे चार शब्द बिलावर लिहिण्याची लाज ज्या दुकानदाराला वाटते, त्याच्या दुकानाची पायरी चढू नये.

पितळी वस्तूंचेही तेच. कोपरीचे एक गृहस्थ एकदा जहाजावरची म्हणून घेतलेली दुर्बीण घेऊन आले. कप्तानाचे नाव कोरलेले, मखमलीची पेटी, सगळा थाट. मी भिंग लावून पाहिले. आतल्या स्क्रूला फुलीची खाच होती.

“हा स्क्रू आपल्या मिक्सरमध्ये असतो,” मी म्हणालो. “त्या कप्तानाच्या आजोबांनीही तो पाहिला नसेल.”

गृहस्थ म्हणाले, “मग काका, तेवढा बदलून साधा लावून द्या ना. येणारा जाणारा कोण उघडून बघतोय?”

मी तो बदलून दिला नाही. ते पुन्हा माझ्याकडे आले नाहीत. अशा गिऱ्हाइकांमुळेच तशी दुकाने चालतात, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितले होते, त्याचा परिणाम असावा.

आता खुणेविषयी. घड्याळ दुरुस्त करणारा जुना कारागीर मशीन पुन्हा बंद करण्यापूर्वी त्याच्या मागच्या पत्र्यावर सुईने आपली बारीक खूण ओरखडतो. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. ती पुढच्या कारागिरासाठी असते: इथे माझा हात लागला आहे, काही चुकले असेल तर मला बोल. माझी खूण म्हणजे एक अर्धचंद्र आणि त्यापुढे माझ्या नोंदवहीतला अनुक्रमांक. कोणत्या क्रमांकाचे घड्याळ कोणाचे, हे वहीत सापडते. ही शिस्त मला माझ्या गुरूंनी लावली आणि तिचा मला अभिमान आहे. त्याच अभिमानाने माझा घात केला.

वटपौर्णिमेच्या आधीच्या त्या रविवारी कल्याणच्या अनघा आणि समीर या तरुण दांपत्याने मला ठाण्याच्या शोरूममध्ये बोलावले. नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यासाठी त्यांना जुने घड्याळ हवे होते. शोरूमचे मालक हसतमुख. काळ्या सागवानाची, वर घोड्याची मूर्ती असलेली मोठी पेटी त्यांनी टेबलावर आणून ठेवली.

“एका जुन्या संस्थानातली आहे,” ते म्हणाले.

“कोणत्या?”

“ते काका, कॉन्फिडेन्शियल असतं.”

पेटी नवी आहे हे मी तिथेच सांगितले. घोड्याच्या पायात कालच्या पॉलिशचा वास होता. मालक हसून म्हणाले, “पेटी रिस्टोअर केलीय. मशीन बघा ना, मशीन.” मी मशीन बाहेर काढले. उत्तम होते. चाके स्वच्छ, झीज योग्य जागी, आणि मागच्या पत्र्यावर एक अर्धचंद्र. माझा.

वाचकहो, त्या क्षणी मी काय करायला हवे होते? क्रमांक टिपून घ्यायला हवा होता. घरी जाऊन वही उघडायला हवी होती. हे मशीन कोणाच्या भिंतीवरून आले, हा प्रश्न टेबलावर ठेवायला हवा होता. गिऱ्हाइकांना मी आयुष्यभर हेच शिकवत आलो. त्याऐवजी माझी छाती फुगली. मी अनघाला भिंग दिले आणि म्हणालो, “बघ, ही माझी खूण. हे घड्याळ माझ्या हातून गेले आहे.” तिने मोबाइलने त्या खुणेचा फोटो काढला. समीर म्हणाला, “क्या बात है काका, मग तर घेतलंच पाहिजे!” आणि मी चिठ्ठी लिहिली: पेटी नवी. मशीन जुने व अस्सल, पूर्वी मी स्वतः दुरुस्त केलेले.

चिठ्ठीतला प्रत्येक शब्द खरा होता. तरीही ती चिठ्ठी चोरीच्या मालावरचा शिक्का ठरली.

हे मला कळले नारळी पौर्णिमेला. ज्यांच्या घरात त्या दिवशी सण असतो असा एक माणूस दुपारी माझ्या दुकानाच्या फळीसमोर उभा होता. पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. हरीभाऊ भोईर. मी त्यांना वीस-बावीस वर्षांनी पाहत होतो, पण ओळखले. वाचनालयाचे घड्याळ एकदा बंद पडले तेव्हा तेच ते चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आले होते आणि दुरुस्ती होईपर्यंत दुकानातच बसून राहिले होते.

“प्रधान सायेब, ओलखला का मना?”

“ओळखले. बसा. घड्याळ कसे आहे?”

“त्याच्याच पाई आलोय. मना चोर बोलतान.”

हरीभाऊंचे वडील मिठागरात राबले. जमीन होती ती भावकीत आणि रस्त्यात गेली. हरीभाऊ वाचनालयात लागले आणि तिथेच त्यांचे केस पांढरे झाले. दर सोमवारी वाचनालयाला सुट्टी. तरी दर सोमवारी ते गावातून चालत येऊन, कुलूप काढून, घड्याळाला चावी देऊन परत जात. हे कोणी सांगितले नव्हते. घड्याळाची चावी आठ दिवस पुरते आणि सोमवारी वाचक नसतात, त्यामुळे स्टूल मधोमध ठेवता येते, एवढेच त्यांचे कारण.

गुरुपौर्णिमेला वाचनकक्षाचे नूतनीकरण पूर्ण होऊन समारंभ झाला. टेबले, खुर्च्या, दिवे, सगळे त्या शोरूमने देणगीदाखल दिले होते आणि भिंतीवर त्यांच्या नावाची पितळी पाटी लागली होती. घड्याळही चकचकीत होऊन परत आले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सोमवारी हरीभाऊ चावी घेऊन स्टुलावर चढले.

“चावी आतच जाय ना,” ते सांगत होते. “भोकां दिसाला भोकां, आन् मागं काय नाय. दार उघरला तं आत बारकी डबी, न् तिच्यात शेल. आपला घरयालच नाय तो, सायेब! नुस्ती पेटी आपली.”

त्यांनी हे कार्यवाहांना सांगितले. कार्यवाहांनी शोरूमला फोन केला. शोरूमचे उत्तर आले की आमच्याकडे पेटी मोकळीच आली होती, आत मशीन नव्हते, आम्ही उलट पदरमोड करून नवे बसवून दिले. मग मशीन गेले कुठे? घड्याळाला हात कोण लावत असे? हरीभाऊ. किल्ली कोणाकडे? हरीभाऊंकडे. सुट्टीच्या दिवशी एकटे कोण येत असे? हरीभाऊ. त्यांची तीस वर्षांची सोमवारची सेवा मंडळाने अशा रीतीने पुराव्यात जमा केली. त्यांचे म्हणणे ऐकून न घेता मेमो काढला गेला, आणि तो त्यांच्या हातात देण्याऐवजी सूचनाफलकावर, नवीन पुस्तकांच्या यादीशेजारी, टाचणीने लावला गेला. चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये, असेही त्यात होते.

“माजी नात शालंशी येताना वाचनालयान् जाते,” हरीभाऊ म्हणाले. “तिनी वाचला तो कागद. घरा येऊन काय बोल्ली नाय. जेवलीच नाय.”

मी कागद हातात घेतला आणि सवयीने नोंदवही काढली. वाचनालयाच्या घड्याळाचा क्रमांक सापडला. त्यापुढे माझ्याच अक्षरात शेरा होता: टोल्याची हातोडी बदलली, डाव्या बाजूच्या भोकात पितळी कडे बसवले. मग मी अनघाला फोन करून त्या खुणेचा फोटो मागवला. चंद्रापुढचा क्रमांक तोच होता.

हरीभाऊंना मी त्याच खुर्चीवर बसवून सांगितले की तुमचे घड्याळ कुठे आहे ते मला ठाऊक आहे, आणि ते तिथे पोहोचवायला माझी सही कामी आली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी एवढेच विचारले, “चालतंय ना पन तिथं? का बंद हाय?”

मी विचारले, घड्याळ नेताना शोरूमच्या माणसाकडून पोच घेतली होती का? ते म्हणाले, “मी मागली. कार्यवाह बोल्ले, आरे ती आपली मान्सा हान, पोच कसली मागतोस? म्हनून मंग मी कार्ड केला.”

“कोणते कार्ड?”

“पुस्तक देतो तवा करतो ना, तसा.”

वाचनालयाची रीत अशी की कोणतीही वस्तू दाराबाहेर गेली की तिचे कार्ड होते. हरीभाऊंनी पुस्तकाच्या नावाच्या जागी लिहिले: भिंतीवरचे घड्याळ. लेखकाची जागा कोरी सोडली. शेऱ्यात लिहिले: चालू, दहाचे टोले वाजवून दाखवले, लंबक व चावी सोबत. वाचकाच्या सहीच्या जागी शोरूमच्या माणसाने हसत हसत सही केली. कार्ड घड्याळ परत येईपर्यंत ठेवायचे म्हणून कार्डांच्या पेटीत अक्षरानुक्रमे, ‘भ’मध्ये ठेवले, आणि परत आले ते आपले घड्याळच नव्हे म्हणून काढले नाही. मेमो निघाला त्या दिवशी ती कार्डांची पेटी कार्यवाहांनी आपल्या कपाटात नेली.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी आणि हरीभाऊ कल्याणला गेलो. अनघाने दार उघडले. हरीभाऊ चपला बाहेर काढून, भिंतीपाशी जाऊन हात मागे बांधून उभे राहिले. साडेअकराचा एक टोला पडला आणि ते म्हणाले, “हाच. ह्याचा आवाज वाइच दबका हाय.”

समीर आधी संतापला, आणि ते रास्त होते. “काका, तुम्हीच चिठ्ठी दिली ना? तुमच्या नावावर घेतलं आम्ही.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “माझ्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर मसुदा मीच लिहून देतो.”

अनघा हसली नाही. तिने हरीभाऊंना पाणी दिले आणि नवऱ्याला म्हणाली, “समीर, यांची नोकरी गेलीय. आपलं फक्त घड्याळ.” तिथेच दोघांनी लेखी निवेदन दिले: घड्याळ कोणाकडून, कधी घेतले, कोणती खूण आत आहे. या घरात मला या वर्षीचा न्याय दिसला. तो मंडळाच्या बैठकीत दिसायला हवा होता.

शोरूमच्या मालकांना मी भेटलो. ते म्हणाले, “काका, टेन्शन कशाला घेताय? व्हिंटेजमध्ये पार्ट इकडचे तिकडे होतातच. कारागिराकडून मिक्स झालं असेल.”

“मग पेटी मोकळी आली, हे तुम्ही मंडळाला कसे सांगितले?”

“ते... माणसाने सांगितलं तसं मी बोललो.”

“तेच लिहून द्या.”

“काका, लिहायचं कशाला आता?”

लिहायचे कशाला! माझ्या सर्व आयुष्यात मला याहून संतापजनक प्रश्न कोणी विचारला नाही. हरीभाऊंविरुद्ध लिहिताना हा प्रश्न कोणाला पडला नाही.

कार्यवाहांना मी तीन पत्रे नोंदणीकृत टपालाने पाठवली. सोबत नोंदवहीच्या पानाची प्रत, फोटो आणि कल्याणचे निवेदन होते. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्याला एक ओळ: आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. मी समक्ष गेलो तेव्हा ते म्हणाले, “अहो प्रधान, तुम्ही उगाच ताणताय. त्यांनी एवढं फर्निचर दिलंय, त्यांना आता कोर्टात खेचायचं का? आणि भोईरांचं काय, गावातली माणसं, जागाबिगा असेल की.”

“चोरी झाली असे मंडळ म्हणते. मग पोलिसांत तक्रार का नाही?”

“संस्थेची बदनामी नको म्हणून.”

“की पोलीस कार्ड मागतील म्हणून?”

त्यावर त्यांनी पंखा वाढवला.

दसऱ्याच्या आधी शोरूमच्या माणसाने अनघा आणि समीर यांच्या संमतीने कल्याणच्या घरून मशीन नेऊन वाचनालयाच्या पेटीत गुपचूप बसवले. मी जाऊन पाहिले: अर्धचंद्र, क्रमांक, सर्व जागेवर. मंडळाच्या मते प्रकरण संपले. हरीभाऊंना निरोप गेला की ‘माझ्याकडून निष्काळजीपणा झाला’ एवढे लिहून द्या आणि सोमवारपासून या. मुलाने, सुनेने, शेजाऱ्यांनीही सांगितले, द्या लिहून, वर्षभरात निवृत्तच व्हायचे आहे. हरीभाऊ माझ्याकडे कोरा कागद घेऊन आले आणि म्हणाले, “सायेब, मी लिवला तं नात काय वाचंल?” त्यांनी लिहिले नाही. ते आजही घरी आहेत. घड्याळाला आता कोणीतरी अधूनमधून चावी देते. परवा गेलो तेव्हा ते बंद होते.

दिवाळीनंतर वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. मी आजीव सभासद आहे, माझी वर्गणी भरलेली आहे, आणि घटनेप्रमाणे मला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. प्रश्न आताच, सर्वांसमक्ष विचारतो, म्हणजे तयारीला वेळ मिळाला नाही असे कोणी म्हणणार नाही. संस्थेची वस्तू ठरावाशिवाय बाहेर कोणाच्या परवानगीने गेली? भिंतीवरची ती पितळी पाटी अजून कोणत्या कारणाने तिथे आहे? ‘भ’मधले ते कार्ड कुठे आहे? ते फाटले असेल तर कोणी फाडले?

या प्रकरणात माझी चूक काय होती ती मी वर, माझ्या नावानिशी लिहिली आहे. कल्याणच्या दांपत्याची आणि हरीभाऊंची लेखी क्षमा मागितली आहे. माझे उत्तर झाले.

आता कार्यवाह महाशय, आपले. मला पत्र पाठवू नका, मी ते उघडणार नाही. सभेत, सभासदांसमोर, पहिल्या रांगेत हरीभाऊ आणि त्यांची नात बसलेली असताना उभे राहा आणि मोठ्याने सांगा: हरिश्चंद्र भोईर यांनी काय चोरले?